जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) गेटला वॉश प्रायमर मारला त्याचा रिव्ह्यू, दोन पावसाळे बघून

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. टू-पॅक वॉश प्रायमर, म्हणजे रंगाआधी जस्तावर मारायचा, दोन भाग मिसळून बनवलेला पातळ थर, काही दुकानदार ह्यालाच एच (etch) प्रायमर म्हणतात, पाचपैकी चार. एक मार्क का कापला ते पुढे येईल. आणि गेट धुवायचा घासायचा कंटाळा असेल तर हा डबा घेऊच नका, पैसे फुकट जातील, त्यापेक्षा गेट आहे तसं राखाडी राहू दे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. इथे गोव्यात म्हापशाला दोन हार्डवेअरमध्ये विचारलं तर दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे दाखवले आणि मागचं बारीक लिखाण वाचलं तर आत माल जवळपास सारखाच, एका डब्यात पॉलिव्हिनाइल ब्युटिराल नावाचं रेझिन आणि सोबतच्या छोट्या बाटलीत फॉस्फोरिक अ‍ॅसिड. तेव्हा हा रिव्ह्यू त्या प्रकारच्या मालाचा समजा. रेड ऑक्साईडपेक्षा महाग पडतो हे खरंय पण एकच पातळ हात मारायचा असतो त्यामुळे पुरतो खूप.

आता गेटची गोष्ट. आमचं घर मांद्र्याला, समुद्र सरळ रेषेत किलोमीटरभर पण नाही, रात्री सगळं शांत झालं की गाज ऐकू येते आणि सकाळी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं तर खारट लागतं. जुनं लोखंडी गेट खालून एवढं कुजलेलं की पट्टीत बोट घातलं तर आत जायचं. म्हणून २०२१ मध्ये जीआयचं करून घेतलं, चौकट जीआय पाइपची आणि खालचा अर्धा भाग जीआय पत्र्याचा. फॅब्रिकेटर म्हणाला, "टीचर, हे आता गंजायचं नाही, रंग नुसता शोभेला." हे वाक्य लक्षात ठेवा, त्यावर परत येते.

आमच्याकडे रंगकाम चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी. घरात गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधणार, पाहुणे येणार आणि गेट बिनरंगाचं, हे सासूबाईंना पटणं शक्यच नाही, आणि खोटं कशाला बोलू मलाही नाही पटलं. म्हणजे ऑगस्ट, म्हणजे कपडे तीन दिवस वाळत नाहीत तो महिना. पेंटर आला, फडक्याने गेट पुसलं, रेड ऑक्साईडचा एक हात, त्यावर बॉटल ग्रीन एनॅमलचे दोन हात. चार दिवसांत गेट असं चमकायला लागलं की शेजारच्यांनी त्याचा नंबर घेतला. पेंटरचं नाव लिहिणार नाही, माणूस वाईट नव्हता, साध्या लोखंडावर जे तो वर्षानुवर्षं करत आला तेच त्याने इथे केलं. आणि देखरेखीला मी उभी होते, म्हणजे हायर सेकंडरीत पोरांना गॅल्व्हनायझेशन शिकवणारी बाई, मला तरी कुठे सुचलं.

पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये कडीच्या बाजूला एक फोड दिसला. पोराने नखाने उचकटला आणि केळीचं सोपट निघावं तसा हाताएवढा पापुद्रा सरळ हातात आला. मे संपेपर्यंत खालचा पत्रा जवळजवळ उघडा.

इथे थांबून जरा त्या पापुद्र्याकडे बघा, कारण सगळं त्यातच आहे. पापुद्र्याच्या पाठीला रेड ऑक्साईड तसंच्या तसं चिकटलेलं होतं. म्हणजे हिरवा रंग प्रायमरवरून सुटला नव्हता, सगळी गादीच जस्तावरून सुटली होती. खाली जस्त स्वच्छ राखाडी, गंजाचा ठिपका नाही, फक्त पापुद्र्याच्या आतल्या बाजूला बोट लावलं तर किंचित बुळबुळीत पांढरट काहीतरी लागत होतं. ते बोट मी अंगठ्यावर घासलं आणि जिन्यावर बसून स्वतःलाच हसले. साबण! साधं रेड ऑक्साईड आणि एनॅमल दोन्ही अल्किड जातीचे, म्हणजे तेलापासून बनलेले, त्यात फॅटी अ‍ॅसिड. जस्ताला ओल लागली की त्याचं हायड्रॉक्साईड बनतं, ते अल्कधर्मी. तेल अधिक अल्कली काय होतं ते नववीतलं पोरगं सांगेल. रंग आणि जस्त ह्यांच्या मध्ये झिंक सोपचा थर तयार होतो आणि वरचा रंग त्या साबणावर उभा राहतो. पहिले काही महिने कळतसुद्धा नाही, पेंटरचे पैसे देऊन होतात, फोटो काढून होतात आणि मग एक दिवस सगळं सालासारखं उतरतं. रेड ऑक्साईड वाईट नाहीये हो, साध्या लोखंडावर चांगलं काम करतं, जस्तावर ते जागा चुकलेलं आहे.

मग म्हटलं आता नीट बघू. आणि बघायला लागले तर कळलं की साबण हे एकच प्रकरण नाहीये.

गॅल्व्हनायझिंग म्हणजे लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवणं, जस्त ४१९.५ अंशाला वितळतं आणि हौद साधारण ४५० अंशाला ठेवतात. (नाव गॅल्व्हानीचं, पण बेडकाचे पाय नाचवणाऱ्या त्या माणसाचा ह्या हौदाशी थेट संबंध नाही, जस्तात बुडवायची कल्पना मालुआँ ह्यांनी १७४२ मध्ये फ्रेंच अकादमीपुढे मांडली आणि पेटंट घेतलं सोरेल ह्यांनी १८३७ मध्ये.) बुडवल्यावर लोखंड आणि जस्ताचे मिश्र थर बनतात आणि सगळ्यात वर राहतो जवळपास शुद्ध जस्ताचा गुळगुळीत चकचकीत थर. रंगाला धरायला तिथे काहीच नाही, काचेवर रंग मारल्यासारखं. त्यात कारखान्यातून निघताना पत्र्यावर तेलाचा हात असू शकतो. आणि गोदामात पांढरा गंज (ओल लागून जस्तावर येणारी पांढरी भुकटी) धरू नये म्हणून बऱ्याच पत्र्यांना क्रोमेटचं पॅसिव्हेशन करतात, म्हणजे पातळ संरक्षक थर देतात, डोळ्यांना दिसत नाही पण रंगाला आणि प्रायमरला ते जस्तापर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे एकाच पत्र्यावर तेल, त्याखाली क्रोमेट, मध्ये कुठे पांढरी भुकटी आणि आपण वरून फडकं मारून रंग लावतो.

क्रोमेट आहे की नाही ते कसं ओळखायचं ह्यासाठी एक टेस्ट आहे आणि ती मला फार आवडली कारण लागणारा माल माझ्या माहेरी पोत्याने असतो. मोरचूद! माझं माहेर वाळपईच्या बाजूला, भावाचं कुळागर आहे, पोफळींना कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी बोर्डो मिश्रण फवारतात त्यातलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. दोन ग्रॅम शंभर मिली पाण्यात. पत्र्याचा छोटासा भाग पॉलिश पेपरने घासायचा, शेजारचा भाग तसाच ठेवायचा, दोन्हीकडे एकेक थेंब सोडायचा. उघडं जस्त असेल तर ठिपका लगेच काळा पडतो, तांबं बाहेर पडतं आणि ते इतकं बारीक असतं की तांबूस न दिसता काळंच दिसतं, वर्गात पोरं दरवर्षी विचारतात बाई तांबं काळं कसं. न घासलेला भाग पण काळा झाला तर क्रोमेट नाही. घासलेला काळा आणि न घासलेला तसाच चकचकीत, तर समजा वर पडदा आहे.

स्टोअररूममध्ये गेटचे उरलेले तुकडे होते त्यांच्यावर केलं. पाइप दोन्हीकडे काळा. पत्रा फक्त घासलेल्या जागी काळा. म्हणजे एकाच गेटमध्ये दोन प्रकारचे पृष्ठभाग आणि मी दोन्हींना एकच फडकं मारून घेतलं होतं. (टेस्ट उरलेल्या तुकड्यावरच करा, गेटवर नको, जस्तावर तांब्याचा डाग राहिला तर त्या जागी जस्त उलट जास्त लवकर खाल्लं जातं.)

आता फॅब्रिकेटरच्या त्या वाक्यावर येते, रंग नुसता शोभेला. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं म्हणून लोखंड वाचतं हे बरोबर, ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त सांभाळून घेतं. पण जस्त किती आहे ते कोण विचारतं? पत्रा २७५ जीएसएमचा (चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त) म्हणतात तेव्हा ते दोन्ही बाजूंचं मिळून असतं, एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन येतं. १२० जीएसएमचा हलका पत्रा असेल तर ८ च्या आसपास. आयएसओ १२९४४ मध्ये हवेचे वर्ग दिलेत, खाऱ्या वाऱ्याचा किनारा सी-फोर, फार खारट असेल तर सी-फाइव्ह, आणि सी-फाइव्हमध्ये जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन जातं. करा भागाकार. चांगला पत्रा अडीच ते पाच वर्षं, हलका एक-दोन वर्षं. जाड लोखंडाचं तयार काम नंतर हौदात बुडवून काढलं तर ८५ मायक्रॉनपर्यंत जस्त बसतं, त्याला दहा-वीस वर्षं मिळतात, पण गेटवाले पत्रा कापून वेल्ड करतात, बुडवत नाहीत. तर आमच्यासारख्या किनाऱ्याच्या घरांना रंग शोभेपुरता नाहीये, जस्ताला जगवायला लागतो. आणि नीट बसला तर दोघांचं आयुष्य नुसतं बेरजेने वाढत नाही, बेरजेच्या दीड ते सव्वादोन पट धरतात, ह्याला डुप्लेक्स सिस्टीम म्हणतात. कारण सरळ आहे, रंग जस्ताला खारं पाणी लागू देत नाही आणि रंगाला तडा गेला तर खालचं जस्त गंज पसरू देत नाही, गंज फुगतो तसं रंगाला खालून उचकटत नाही.

सल्ले देणारे खूप भेटले. दीर म्हणाले माडाच्या विनागराने (व्हिनेगरने) धू, अ‍ॅसिडने जस्त खरखरीत होतं. ऐकायला बरोबर वाटतं पण सगळीकडे सारखं होत नाही आणि नीट धुतलं नाही तर त्याचे क्षार मागे राहतात, जस्ताच्या कामातली मंडळी ह्याला नकोच म्हणतात. विनागर लोणच्यात घाला. भाऊ म्हणाला पत्रा एक-दोन पावसाळे उघडा ठेव मग रंग दे, आमच्या आजोबांनी शेडला तसंच केलं. हे मात्र खोटं नाही. हवेत राहिलं की जस्तावर आधी ऑक्साईड, मग हायड्रॉक्साईड, मग हवेतला कार्बन डायॉक्साईड घेऊन झिंक कार्बोनेट बनतं, वर्ष-दोन वर्षांत घट्ट मॅट पापुद्रा बसतो आणि त्यावर रंग छान धरतो, नुसतं पाण्याने धुवायचं. क्रोमेटही तोवर गेलेलं असतं. पण ते वाळपईला, समुद्रापासून लांब. मांद्र्याला हवेत मीठ आहे, इथे कार्बोनेटच्या जोडीला क्लोराईडवाले क्षार बसतात आणि दोन वर्षं उघडा ठेवला तर पत्र्यातलं अर्धं जस्त रंग यायच्या आधीच गेलेलं असेल. माहेरचं शास्त्र सासरी चालत नाही ते असं.

काम केलं नाताळच्या सुट्टीत, डिसेंबर २०२२ अखेरीस सुरू करून जानेवारीत संपवलं. सासूबाईंना सांगितलं की चवथीला अजून आठ महिने आहेत, त्या म्हणाल्या तेच तर म्हणते, आत्ता कशाला.

पहिले दोन दिवस नुसतं खरवडणं. आमच्या ह्यांनी उत्साहाने ग्राइंडरला वायर ब्रश लावून आणला आणि मला ओरडायला लागलं, कारण त्याने रंगाबरोबर जस्त पण निघतं, आणि जस्तासाठीच तर हे सगळं चाललंय. प्लास्टिकचा स्क्रॅपर, पेंट रिमूव्हर, नायलॉनचा ब्रश. मग साबणाचं कोमट पाणी. भांड्याच्या पावडरने चालतं पण कॉस्टिक नको, जस्त उभयधर्मी आहे, अ‍ॅसिडमध्येही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही, साधारण पीएच ६ ते १२ मध्ये ते शांत असतं. (म्हणूनच गिलावा करताना नव्या जीआय पाइपवर ओल्या सिमेंटचे शिंतोडे पडले की डाग उठतात.) पत्र्याच्या खालच्या घडीत पांढरी भुकटी धरली होती तिथे एक-दोन टक्के अमोनियाचं पाणी, ब्रश, आणि मग गोड्या पाण्याने धू धू धुणं. ह्या धुण्यात कंजुषी करू नका, मीठ किंवा साबण खाली राहिला तर वर जगातला सगळ्यात महाग रंग मारला तरी त्याखाली पाणी ओढलं जातं आणि फोड येतात. वाळल्यावर पत्र्याला बारीक पॉलिश पेपर, हलक्या हाताने, चमक गेली की थांबायचं. पाइपला नुसता हात फिरवला.

वेल्डच्या जागा वेगळ्या. जस्त ९०७ अंशाला उकळतं, वेल्डिंगच्या आर्कपुढे ते तिथून उडूनच जातं, म्हणून गेटवर खरा तांबडा गंज कुठे होता तर फक्त सांध्यांवर. तिथे मात्र वायर ब्रशने लोखंड चमकेपर्यंत घासलं आणि झिंक-रिच प्रायमर लावला, वॉश प्रायमर तिथे नाही.

आणि आता एकदाचा आपला डबा. दोन्ही भाग मिसळायचे, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात, अ‍ॅसिड आहे, स्टीलच्या पातेल्यात नको. वीसेक मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी ते निकामी. ब्रश चालतो पण स्प्रे बरा. रंग पिवळसर हिरवा पारदर्शक, खालचं जस्त दिसत राहिलं पाहिजे. सगळ्यात मोठी चूक इथे होते कारण आपल्याला सवय आहे की प्रायमर म्हणजे भरभरून, झाकलं पाहिजे. ह्याचा थर ८ ते १३ मायक्रॉन हवा, माणसाच्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. फॉस्फोरिक अ‍ॅसिड जस्ताला किंचित चावतं, झिंक फॉस्फेटचे दाणे बनतात, रेझिन त्यात गुंततं आणि धातूला धरतं. जाड मारलं तर तो थर आतूनच कच्चा राहतो.

जाड मारल्यावर काय होतं ते मला कसं माहीत, कारण मी मारलं. उरलेले चार तुकडे घेतले होते, बाई आहे ना, प्रॅक्टिकल केल्याशिवाय चैन पडत नाही. एकाला फक्त फडकं, रेड ऑक्साईड, एनॅमल, म्हणजे २०२१ ची पुनरावृत्ती. दुसऱ्याला धुऊन घासून सरळ इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. तिसऱ्याला गेटसारखंच, धुऊन घासून वॉश प्रायमर पातळ, मग इपॉक्सी, मग पीयू. चौथा तिसऱ्यासारखाच पण वॉश प्रायमर दोनदा, झाकेपर्यंत. चारही टेरेसवर पाण्याच्या टाकीशेजारी समुद्राकडे तोंड करून तारेने बांधले आणि २०२३ चा अख्खा पावसाळा विसरून गेले.

ऑक्टोबरमध्ये कटर आणि टेप. क्रॉस-कट टेस्ट, सहा उभ्या सहा आडव्या रेघा, थराच्या जाडीप्रमाणे दोन-तीन मिलीमीटर अंतर, वर टेप दाबून खेचायची. आयएसओ २४०९ मध्ये ० म्हणजे एकही चौकोन हलला नाही आणि ५ म्हणजे वाट लागली. पहिल्या तुकड्याला टेप लावायची गरजच नव्हती, कटरच्या टोकाने अख्खी जाळी उठली. चौथ्यातही निम्म्याहून जास्त चौकोन टेपला आले, आणि गंमत म्हणजे पिवळट थर दोन्हीकडे होता, टेपलाही आणि पत्र्यालाही, म्हणजे वॉश प्रायमर मधोमध फाटला. तिसरा ०. एक कण नाही. आणि दुसरा, ज्याला वॉश प्रायमर लावलाच नव्हता? तो १. कोपऱ्यांवर दोन-चार टवके, बस.

दुकानदाराला हे ऐकून आनंद होणार नाही पण इमानदारीत लिहायचं तर हेच लिहायला हवं. पहिल्या आणि दुसऱ्यात आभाळ-पाताळाचा फरक आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्यात खिडकीच्या झडपेएवढा. पहिला पडला त्यात बाकी रंगाची जातही होती, तिथे अल्किड आणि इथे इपॉक्सी, पण उरलेलं बरंचसं श्रेय साबणाला, गोड्या पाण्याला आणि पॉलिश पेपरला आहे. वॉश प्रायमर त्यावरचा शेवटचा मार्क देतो, आणि चुकीचा वापरला तर चौथ्या तुकड्यासारखा सगळं घेऊन बुडतो. गेट एवढं छोटं काम असेल, घासणं मनापासून होणार असेल, तर नुसता चांगला इपॉक्सी पण चालेल. पण नक्षीच्या गेटला किंवा ग्रिलला जिथे पॉलिश पेपर पोचतच नाही तिथे हा डबा घ्याच.

मार्क का कापला. एक, सूचना एवढ्या बारीक इंग्रजीत की मलाच चष्मा काढून डबा नाकाशी धरावा लागला, पेंटर बिचारा काय वाचणार. इपॉक्सी किती तासांनी मारायचा, कुठला वरचा कोट चालतो कुठला नाही हे तिथेच असतं आणि ते महत्त्वाचं आहे, अ‍ॅसिड शिल्लक असताना घाईने इपॉक्सी ओढला तर त्याचा अमाइन हार्डनर बिघडतो. दोन, काही डब्यांत अजून झिंक क्रोमेट असतं, ते हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, कॅन्सरकारक. आता क्रोमेट-फ्री पण मिळतो, तोच मागा, आणि जुना पिवळा वॉश प्रायमर कधीही कोरडा घासू नका. वास तर असा की घरात मांजर पण दिवसभर आली नाही. तीन, आणि हे गोव्याला सगळ्यात जास्त लागू, दमट हवेत हा नीट बसत नाही. त्यातल्या अल्कोहोलच्या थिनरला हवेतली ओल चिकटते आणि थर पांढुरका होऊन कमजोर पडतो. दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली हवा आणि धातू दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. जानेवारीत सुद्धा मी सकाळी दहाच्या आधी सुरुवात केली नाही, गेटवर हात ठेवला की ओल लागायची.

मोठं काम असेल, टेरेसची शेड वगैरे, तर पॉलिश पेपरने मरून जाल. तिथे स्वीप ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून घासणं. मी एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चौकशीला गेले होते, तिथला माणूस म्हणाला आणा, लोखंडासारखं पांढरंशुभ्र करून देतो. नको! तसं केलं तर जस्तच उडवून देईल. स्वीप म्हणजे झाडू मारल्यासारखं, बारीक गार्नेट (खनिजाची वाळू), साधारण ४० पीएसआयच्या आत, तिरका नोझल, नुसती चमक घालवायची. ह्यासाठी एसएसपीसी-एसपी १६ नावाचं वेगळं स्टँडर्डच आहे, ब्लास्टवाल्याने ते नाव ऐकलेलं नसेल तर दुसरा बघा. पावडर कोटिंग करणार असाल तर भट्टीत आधी नुसतंच तापवून घ्यायला सांगा, नाहीतर जस्ताच्या थरात अडकलेली हवा भाजताना बाहेर पडते आणि रंगावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं राहतात, त्यातून खारं पाणी आत. आणि कुणी कॅटलॉग दाखवून १००० तास सॉल्ट स्प्रे टेस्ट म्हणाला तर लगेच भुलू नका. त्या टेस्टच्या पेटीत ३५ अंशाला सलग ५ टक्के मिठाचं धुकं असतं, जस्ताला सुकून कार्बोनेट बनवायला वेळच देत नाहीत, त्यामुळे त्या तासांची वर्षं करता येत नाहीत.

आता दुसरा पावसाळा पण गेला, २०२४ चा. गेट उभं आहे, हिरवंच, पोरगा अजून सवयीने नखाने कडा तपासतो आणि त्याला काही सापडत नाही. पीयूची चमक जरा उतरलीय पश्चिमेच्या बाजूला. एका ठिकाणी स्कूटर लागून चांगला खोल ओरखडा पडला, त्यात पांढरी रेघ आलीय पण आजूबाजूला रंग फुगलेला नाही. फक्त वरच्या बिजागरीच्या मागे, जिथे ब्रश वळवता आला नव्हता आणि मी चालतंय म्हणून सोडून दिलं होतं, तिथून एक तांबूस ओघळ खाली आलाय. सासूबाईंनी तो माझ्या आधी बघितला. पुढच्या चवथीआधी करून टाक म्हणाल्या. मी म्हटलं आई, जानेवारीत.